कागदातली सोंस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील हस्तकलेच्या पानावर गंगेतील डॉल्फिनची, म्हणजे बिहार आणि उत्तर प्रदेशात जिला सोंस म्हणतात तिची, कागदी प्रतिकृती करण्याचा आराखडा दिला होता. सुमारे 2.4 मीटर लांबीची पूर्ण वाढलेली मादी एक-अष्टमांश प्रमाणात, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीची, करावयाची होती. शरीरासाठी एकामागे एक जोडलेली कागदाची कडी होती, तर चोच, पुढचे पर आणि शेपटी ही स्वतंत्र कापून चिकटवावयाची होती. या आराखड्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न आले, तेथे त्यांतील एकच पत्र घेतले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी आपल्या आराखड्यावरून डॉल्फिन केला, परंतु सहलीत तारकर्लीच्या समुद्रात पाहिलेल्या डॉल्फिनसारखा तो दिसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. पाठीवर पर नाही, चोच फारच लांब आहे आणि डोक्यामागे मान असल्यासारखी घडी दिसते. प्रदर्शनापुरता पाठीवर पर चिकटवला आणि चोच थोडी छाटली, तर चालेल काय?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : कृपया तसे करू नये. मुलांची नजर अचूक आहे आणि त्यांनी टिपलेले तीनही फरक खरेच आहेत. म्हणून तर ही प्रतिकृती करावयाची. आपल्या कोकण किनाऱ्याजवळ प्रामुख्याने दिसतात ते हम्पबॅक डॉल्फिन. त्यांच्या पाठीवर उंचवटा आणि त्यावर लहानसा पर असतो. गंगेतील डॉल्फिन निराळ्या कुळातला आहे. त्याच्या पाठीवर, शरीराच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, बसकी त्रिकोणी कड तेवढी असते. आराखड्यात ती केवळ सात मिलिमीटर उंचीची दाखवली आहे, ती छपाईतील चूक नव्हे.

चोचीची लांबी हे तर या प्राण्याचे पहिले लक्षण. मोठ्या मादीची चोच एकूण लांबीच्या जवळजवळ एक-पंचमांश भरते, म्हणून 30 सेंटिमीटरच्या प्रतिकृतीत तिला 6 सेंटिमीटर दिले आहेत. नराची चोच तुलनेने आखूड असते आणि नर आकारानेही मादीहून लहान असतो. त्यामुळे चोच छाटायचीच असेल तर ती नराची म्हणून छाटावी आणि मग एकूण लांबीही 26-27 सेंटिमीटरपर्यंत खाली आणावी, म्हणजे निदान मेळ बसेल. चोच दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि टोकाकडे पुन्हा किंचित जाड होते. मुले ती पेन्सिलीसारखी गोल आणि टोकदार करतात, तेथे मात्र त्यांना थांबवावे.

राहिली मान. समुद्रातील बहुतेक डॉल्फिनांच्या मानेचे काही मणके एकमेकांना सांधलेले असतात, त्यामुळे त्यांचे डोके फारसे वळत नाही. गंगेतील डॉल्फिनचे मानेचे मणके सुटे असतात. तो डोके चांगले वळवू शकतो आणि त्यामुळे डोक्यामागे खरोखरच घडी दिसते. पुढचे परही पाहावेत. ते निमुळते नसून पंख्यासारखे रुंद असतात, त्यांच्या मागच्या कडेला बारीक खाचा असतात आणि त्वचेखालील बोटांच्या हाडांच्या रेषा वरून जाणवतात. या रेषा रिकाम्या बॉलपेनने कागदाच्या मागील बाजूने हलक्या दाबून उठवता येतात. एवढे काम नीट झाले, तर रंग न देताही प्रतिकृती ओळखू येते.

प्रश्न : शरीरासाठी इतकी कडी कशाला? एकाच कागदाला लांब काप देऊन शरीर गुंडाळता आले नसते का? शिवाय मला वेगळ्या मापाची प्रतिकृती करायची आहे. त्यासाठी कड्याचा सपाट नकाशा कसा काढावा, हे सांगावे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : कागद वाकतो, ताणला जात नाही; सारी अडचण येथून सुरू होते. एका दिशेने वाकवलेल्या कागदाचे नळकांडे किंवा शंकू होतो. परंतु अंड्याचा अथवा कपाळाचा फुगवटा एकाच वेळी दोन दिशांनी वाकलेला असतो आणि तसा पृष्ठभाग सपाट कागदातून चुण्या न पडता होत नाही. गाऊस या जर्मन गणितज्ञाने 1827 साली हे सिद्ध केले. म्हणून कागदकाम करणाऱ्याला फुगवटा सोडून द्यावा लागतो आणि त्याच्या जवळ जाणाऱ्या शंकूच्या तुकड्यांवर काम भागवावे लागते.

हे तुकडे दोन रीतींनी पाडता येतात. चोचीपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या निमुळत्या लांब फाका केल्या तर तुकड्यांची संख्या कमी होते. पण सगळे जोड शरीराच्या लांबीने दिसत राहतात आणि दोन्ही टोकांना, जेथे फाका एकत्र येतात, तेथे कागदांचा गठ्ठा साचतो. आडवी कडी केली तर जोड अंगाभोवती फिरतात. मग एखादा जोड नेमका मानेच्या घडीवर आणता येतो आणि प्राण्याच्या अंगावर मुळातच असलेल्या रेषेत तो लपून जातो. जोड कोठे पाडावयाचा हे ठरवण्यात या कलेचे निम्मे कौशल्य आहे आणि संगणकाने केलेल्या नकाशांत नेमके तेवढेच नसते. पेपाकुरा किंवा तत्सम आज्ञावली त्रिमितीय आकृतीची उकल क्षणात करून देतात, हे खरे. पण जोड कपाळाच्या मधोमध आला तर तो हलवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आता गणित. कड्याचा मोठा व्यास 5 सेंटिमीटर, लहान व्यास 4 सेंटिमीटर आणि दोन्ही कडांमधील तिरपे अंतर 3 सेंटिमीटर आहे, असे समजू. त्रिज्या झाल्या अडीच आणि दोन. त्यांतील फरक अर्धा. तिरप्या अंतराला मोठ्या त्रिज्येने गुणून या फरकाने भागावे : तीन गुणिले अडीच, भागिले अर्धा, म्हणजे 15 सेंटिमीटर. ही सपाट नकाशातील बाहेरच्या कंसाची त्रिज्या. तिच्यातून तिरपे अंतर वजा केले की आतील कंसाची त्रिज्या 12 सेंटिमीटर मिळते. कोन काढण्यासाठी कड्याच्या मोठ्या त्रिज्येला बाहेरच्या कंसाच्या त्रिज्येने भागून 360 ने गुणावे : अडीच भागिले पंधरा, गुणिले 360, म्हणजे 60 अंश. कंपासने एकाच केंद्रातून 15 आणि 12 सेंटिमीटरचे दोन कंस ओढावेत, त्यांतील 60 अंशांचा भाग कापावा, दोन सरळ कडा एकमेकींना भिडवाव्यात, कडे तयार. ताळा पाहायचा असल्यास बाहेरचा कंस सुमारे 15.7 सेंटिमीटर लांब भरतो आणि 5 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघही तेवढाच असतो.

जोडासाठी कडेला दात पाडून ते दुसऱ्या कड्याखाली सरकवण्याची पद्धत प्रचलित आहे. पण लहान प्रतिकृतीत त्या दातांचे उंचवटे बाहेरून दिसतात. त्यापेक्षा आतून सहा मिलिमीटर रुंदीची वेगळी पट्टी अर्धी एका कड्याला, अर्धी दुसऱ्या कड्याला चिकटवावी, म्हणजे दोन्ही कडा समोरासमोर भिडतात. शेपटीकडील शेवटची दोन-तीन कडी गोल ठेवू नयेत. तेथे शरीर बाजूंनी चपटे होत जाते, म्हणून कडी हलकेच दाबून लंबगोल करावीत आणि त्यांचा आकार टिकावा यासाठी आत जाड पुठ्ठ्याची लंबगोल चकती बसवावी.

कपाळाचे मात्र कड्यांवर भागत नाही. तेथे ब्लाऊजला टक्स घेतात त्याप्रमाणे पाचरीच्या आकाराचे तीन-चार काप घेऊन त्यांच्या कडा भिडवाव्या लागतात. काप जितके अधिक आणि अरुंद, तितका फुगवटा सफाईदार येतो. परंतु पाचाच्या पुढे गेल्यास हाताला काम झेपत नाही.

प्रश्न : मी 200 जीएसएमचा कार्डपेपर वापरला. कडी गोल होण्याऐवजी त्यांना ठिकठिकाणी मोड पडतात आणि शरीर अष्टकोनी दिसते. हातात दोष आहे की कागदात?
— एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : दोष बहुधा दिशेत आहे. यंत्रावर तयार होताना कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने लागतात आणि कागद त्या दिशेच्या कडेने सहज वळतो, आडवा वळवला तर मोडतो. दिशा ओळखण्याचा सोपा उपाय असा : त्याच कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या, एक उभी आणि एक आडवी, कापाव्यात. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाशी चिमटीत धराव्यात आणि मग वरखाली करून पाहाव्यात. जी पट्टी कमी लवते, तिच्या लांबीच्या दिशेने तंतू आहेत. कड्यांचा नकाशा कागदावर असा मांडावा की हे तंतू चोचीकडून शेपटीकडे जातील. ए-फोर कागदात तंतू पुष्कळदा लांब बाजूने असतात. पण दुकानदाराने मोठ्या शीटमधून कापून दिलेल्या कागदाबद्दल असा भरवसा धरता येत नाही, तेथे पट्ट्यांची परीक्षा करावीच.

दुसरे असे की 200 जीएसएम हा कागद 5 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यांना जरा अधिकच जाड आहे. 160 पुरेसा आहे आणि चोचीसाठी तर 120 बरा. कडे चिकटवण्यापूर्वी त्याला वळण द्यावे लागते. चार पदरी घडी घातलेल्या टॉवेलवर कागदाचा तुकडा आतली बाजू वर करून ठेवावा आणि त्यावरून गोल पेन्सिल तळहाताने दाबून लाटावी. चार-पाच वेळा लाटल्यावर कागद आपण होऊन कमानीसारखा उचलला जातो. टेबलाच्या कडेवरून कागद ओढण्याची सवय अनेकांना असते. त्याने वळण लवकर येते, पण छापील रंगावर चिरा पडतात. डिंक पातळ लावावा, दातकोरणीच्या टोकाने. पांढऱ्या डिंकात पाणी असते आणि तो जास्त झाला की कागद फुगून जोडाजवळ लाट येते; ती वाळल्यावरही पुरती जात नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला डॉल्फिनचे दात करायचे आहेत. पण तोंड बंद केल्यावर ते दिसणार नाहीत ना? आणि डोळा किती मोठा काढू? मी काढलेला डोळा छान दिसतो, पण बाबा म्हणतात तो चुकीचा आहे.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : दात नक्की कर. या डॉल्फिनचे तोंड बंद असले तरी दात बाहेर दिसतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या फटींत बसतात आणि पुढचे तर चांगले लांब आणि बाकदार असतात. वरच्या जबड्याच्या एका बाजूला साधारण तीस दात धर. तुझी चोच 6 सेंटिमीटरची, म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक दात झाला. एक सेंटिमीटर रुंद आणि चोचीएवढी लांब पट्टी घे, तिच्या एका कडेला लहान कात्रीने तिरपे काप देत जा आणि प्रत्येक दाताला टोक काढ. चोचीच्या टोकाकडचे दात चार मिलिमीटर लांब ठेव, तोंडाच्या कोपऱ्याकडे ते कमी करत एक मिलिमीटरवर आण. अशा चार पट्ट्या लागतील. त्या चोचीच्या आतून चिकटव म्हणजे फक्त दात बाहेर डोकावतील. पट्टीसाठी साधा पांढरा कागद घेऊ नकोस, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला घे. म्हणजे दात खरे वाटतील.

डोळ्याच्या बाबतीत बाबांचे म्हणणे बरोबर आहे. या प्राण्याचा डोळा टाचणीने भोक पाडल्याएवढा बारीक असतो आणि त्यात आपल्या डोळ्यात असते तसे भिंगच नसते. उजेड आहे की अंधार, एवढे त्याला कळत असावे. गढूळ पाण्यात तो आवाज काढतो आणि त्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून मासे शोधतो. तेव्हा तोंडाच्या कोपऱ्याच्या किंचित वर टाचणीने एक भोक पाड आणि तिथेच थांब. डोक्यावर आणखी एक खूण करायची राहिली असेल तर तीही सांगतो : श्वास घेण्याचे छिद्र. इतर डॉल्फिनांत ते आडव्या चंद्रकोरीसारखे असते. याच्यात मात्र शरीराच्या लांबीच्या दिशेने सरळ चीर असते. पाच मिलिमीटरची रेघ ओढलीस तरी पुरे.

प्रश्न : नोकरीनिमित्त भागलपूरला राहतो. गंगेत सोंस अनेकदा दिसते, पण क्षणभरच. चोच आणि पाठ दिसते न दिसते तोच ती बुडते. प्रतिकृती टांगताना ती पाण्यावर उसळी घेताना दाखवावी की पोहताना?
— एक मराठी वाचक, भागलपूर

उत्तर : आपण अगदी तिच्या घरी राहता. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा 1991 पासून विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून राखलेला आहे, आणि आपले शहर त्याच पट्ट्यात येते. आपण वर्णन केलेली झलक दाखवायची तर अर्धे शरीर पुठ्ठ्याच्या पाण्याखाली दडवावे लागेल आणि शरीराच्या मागील भागावर केलेले सारे काम वाया जाईल. आमचा सल्ला असा की सोंस कुशीवर पोहताना दाखवावी.

ही कल्पनेची भरारी नव्हे. सिंधू नदीतून पकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात नेलेल्या डॉल्फिनांच्या निरीक्षणांतून, हा प्राणी कुशीवर पोहतो, असे 1969 साली प्रसिद्ध झाले. सिंधू आणि गंगा येथील डॉल्फिन तेव्हा एकाच जातीचे मानले जात होते आणि 2021 मधील अभ्यासानंतर त्या वेगळ्या जाती ठरल्या; पण ही सवय दोघांनाही आहे. उथळ पाण्यात तो बहुतेकदा उजव्या कुशीवर कलतो, खालच्या बाजूचा पर तळाच्या गाळाला लावत जातो आणि डोके सतत हलवत तळाचा अंदाज घेतो. प्रतिकृतीत हे दाखवणे कठीण नाही. उजवा पर खाली, डावा वर, डोके मानेच्या घडीपाशी दहा-पंधरा अंश खाली वळवलेले, शेपटी किंचित उंच. मानेचे कडे एका बाजूने तीन मिलिमीटर अरुंद कापले की डोके आपोआप वळते. दोरा एकच न लावता दोन लावावेत, एक पुढच्या परांच्या मागे आणि दुसरा शेपटीच्या बुंध्यापाशी. एका दोऱ्यावर ती पंख्याच्या वाऱ्याने गरगर फिरते. दोऱ्याऐवजी खालच्या परातून तार काढून ती मातकट रंगाच्या पुठ्ठ्यात रोवली तर अधिक चांगले, कारण त्या पराचा तळाशी असलेला संबंधही दिसतो.

एक सूचना तुम्हालाच करता येण्याजोगी आहे. कपाळ आणि पाठ यांचा उतार घाटावर उभे राहून पाहावा आणि त्यावरून आराखड्यातील पाठीची रेषा तपासून घ्यावी. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ती सोय आहे.

प्रश्न : इंटरनेटवर शोधले असता गुलाबी, राखाडी, काळसर असे वेगवेगळे डॉल्फिन गंगेतील म्हणून दिसतात. अचूक मापांसाठी कोणत्या चित्रावर विश्वास ठेवावा?
— कलाशिक्षक, नागपूर

उत्तर : काचेमागच्या निळ्या, स्वच्छ पाण्यात अख्खे शरीर दाखवणारे छायाचित्र दिसले की ते गंगेतील डॉल्फिनचे नाही, असे धरून चालावे. हा प्राणी गढूळ पाण्यात राहतो, त्यामुळे त्याची पाण्याखालची छायाचित्रे मिळत नाहीत म्हटले तरी चालेल. गुलाबी दिसतो तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीचा डॉल्फिन असतो. त्याची चोचही लांब असल्याने गफलत होते. पण त्याचे दात मिटल्या तोंडाबाहेर असे विचकलेले दिसत नाहीत आणि डोळाही स्पष्ट दिसतो. आपल्या सोंसेचा रंग राखाडी-तपकिरी असतो, पोटाकडे फिकट आणि कधी किंचित गुलाबीसर.

मापांसाठी जुन्या शास्त्रीय ग्रंथांतील रेखाचित्रे उत्तम. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे पहिले अधीक्षक जॉन अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या प्राण्यावर सचित्र प्रबंध लिहिला. शवविच्छेदन करून, हाडे समोर ठेवून काढलेली ती चित्रे आहेत. कवटीचे चित्र पाहिल्यास कपाळ असे उभे का असते तेही समजते, कारण वरच्या जबड्याच्या हाडांच्या दोन पाती वर येऊन कपाळाच्या मऊ भागावर कमान धरतात. प्रतिकृतीच्या दृष्टीने एवढे लक्षात घ्यावे की कपाळ चोचीतून हळूहळू चढत नाही, ते एकदम उठते.

प्रश्न : पावसाळ्यात प्रतिकृती मऊ पडून पोटात बसते. शिवाय मागच्या वर्षीच्या एका कामाला कसर लागली. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करून घ्यावे का?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : लॅमिनेशन केलेला कागद वळत नाही आणि त्याला डिंकही धरत नाही, म्हणून ते नको. आत प्रत्येक तिसऱ्या जोडावर पुठ्ठ्याची चकती बसवावी. पोट बसण्याचे ते खरे औषध. पोकळी कापसाने किंवा थर्माकोलने भरू नये, ओल आतच अडकते. सर्व काम कोरड्या दिवसांत संपवून बाहेरून पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत आणि ते आधी टाकाऊ तुकड्यावर लावून रंग पसरत नाही ना, हे पाहावे. कसर येते ती पिठाच्या खळीवर. पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालत. पण ते विषारी आहे, घरात मुले असतील तर त्या वाटेला जाऊ नये. खळीऐवजी फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक वापरला की प्रश्न पुष्कळसा सुटतो.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीजवळ माहितीफलक लावायचा आहे. थोडक्यात काय लिहावे? हा प्राणी गोदावरीत किंवा कृष्णेत आढळतो का, असे पाहुणे हमखास विचारतात.
— मुख्याध्यापक, परभणी

उत्तर : गोदावरीत नाही आणि कृष्णेतही नाही, हे फलकावरच लिहावे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या खोऱ्यांत, म्हणजे भारत, नेपाळ आणि बांगलादेश या तीन देशांत तो आहे. शिवाय बांगलादेशातील कर्णफुली नदीतही. शास्त्रीय नाव प्लॅटॅनिस्टा गँजेटिका. 2009 साली भारताने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे.

संख्या द्यायची तर मार्च 2025 मध्ये जाहीर झालेली द्यावी. आठ राज्यांतील 28 नद्यांच्या पाहणीतून देशात 6,327 नदी-डॉल्फिन असल्याचा अंदाज आला. त्यांत उत्तर प्रदेशात 2,397 आणि बिहारमध्ये 2,220, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक या दोन राज्यांत आहेत. या आकड्यातील तीन डॉल्फिन पंजाबातील बियास नदीत असून ते सिंधूच्या जातीचे आहेत. फलकावर 'गंगेतील डॉल्फिन 6,327' असे सरसकट लिहिले जाते, ते टाळावे.

धोक्यांबद्दल लिहिताना केवळ 'प्रदूषण' एवढ्यावर थांबू नये. फराक्कासारख्या बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे पडले आणि एका भागातील डॉल्फिन दुसऱ्या भागात जाऊ शकेनासे झाले. मासे पकडण्याच्या जाळ्यांत अडकून, पृष्ठभागावर श्वास घेण्यास येता न आल्याने ते बुडून मरतात. आणि त्यांच्या चरबीचे तेल माशांना आमिष म्हणून वापरले जाई, त्यासाठी शिकारही झाली. जाळ्याची गोष्ट मुलांना लगेच कळते. जुन्या पातळ दुपट्ट्याचा जाळीदार तुकडा प्रतिकृतीमागे लावला तर फलक वाचण्याआधीच पाहुणा प्रश्न विचारतो. फलकाला जागा उरलीच तर अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाचा उल्लेख करावा. मारू नयेत अशा प्राण्यांच्या त्या यादीत 'गंगापुपुटक' आहे आणि तो हाच डॉल्फिन असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्यासाठी हीच प्रतिकृती खऱ्या मापाची, अडीच मीटरची, करण्याचा विचार आहे. आराखडा आठपट मोठा करून छापला तर पुरे होईल का? की कागदाच्या लगद्याची करावी?
— मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर : आराखडा आठपट करता येईल, कागद आठपट करता येणार नाही. 160 जीएसएमचा कागद 5 सेंटिमीटरच्या कड्यात ताठ उभा राहतो, 40 सेंटिमीटरच्या कड्यात तो स्वतःच्या भाराने बसतो. लगद्याची मूर्ती भक्कम होते. पण अडीच मीटरची करायची तर साचा हवा, वाळायला दिवस हवेत आणि भाद्रपदात ऊन मिळेलच असे नाही. आकाशकंदील करणाऱ्या कारागिराला गाठावे. बांबूच्या कामट्यांची दहा-बारा वर्तुळे, ती जोडणाऱ्या लांबीच्या सहा कामट्या आणि त्यावर खाकी कागदाचे दोन थर, असा सांगाडा हलका होतो. लांबीच्या कामट्या असल्यामुळे येथे जोड आडव्याऐवजी उभे येतील आणि कागदही उभ्या पट्ट्यांनीच चढवावा. लहान प्रतिकृतीबद्दल वर जे सांगितले त्याच्या हे उलट आहे, पण सांगाड्याला तेच सोयीचे. चोच अर्धा मीटर लांब होईल आणि गर्दीत सर्वांत आधी तीच मोडेल, म्हणून तिच्यात आरपार एक जाड कामटी घालून ती मानेच्या वर्तुळाला तारेने बांधावी. शेपटीची रुंदी शरीराच्या लांबीच्या साधारण एक-चतुर्थांश, म्हणजे 60 सेंटिमीटर भरेल. शेपटी आणि पर सुटे ठेवून देखाव्याच्या जागीच बसवावेत आणि काम सुरू करण्याआधी मंडळाच्या खोलीतून अडीच मीटर लांबीची वस्तू जिन्यातून वळवून बाहेर काढता येते की नाही, हे एक बांबू घेऊन पाहून घ्यावे.